तिसरा मजला, डावीकडचं दार

दाराशेजारच्या भिंतीला एक काळी डबी ठोकलेली होती. चार आकडे जुळवायचे, खटका खाली ओढायचा, झाकण उघडतं आणि आत घराची किल्ली. आकडे फोनवर आलेले होते. मी ते तीनदा जुळवले. खटका ढिम्म. घराची व्यवस्था बघणाऱ्यांना मेसेज टाकला, तर लगेच उत्तर आलं की तुमचा संदेश मिळाला, लवकरच संपर्क साधू. दुपारचे तीन वाजले होते. गेल्या वर्षीच्या जूनचं लिस्बनचं ऊन भिंतींवर आपटून परत अंगावर येत होतं, आणि माझी चौऱ्याहत्तर वर्षांची आई गल्लीतल्या दगडी पायरीवर बॅगेला टेकून बसली होती.

"हॉटेल घेतलं असतंस तर आत्ता चहा पीत असतो," ती म्हणाली. रागाने नव्हे, नोंद म्हणून.

हॉटेल न घेण्याचं कारण खरं तर तीच होती. आठ दिवस बाहेरचं खाणं तिच्या पोटाला झेपणार नाही, स्वयंपाकघर हवं, म्हणून मी अल्फामात एक लहानसं घर शोधलं होतं. अल्फामा म्हणजे किल्ल्याच्या टेकडीवरून तेजू नदीकडे उतरणारी लिस्बनची जुनी वस्ती. नावही अरबांच्या काळातलं, गरम पाण्याच्या झऱ्यांवरून पडलेलं. १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपाने, मागून आलेल्या समुद्राच्या लाटांनी आणि मग लागलेल्या आगीने खालचं शहर बेचिराख झालं, पण अल्फामा बरीचशी वाचली. त्यामुळे खाली बायशात, म्हणजे नव्याने बांधलेल्या त्या खालच्या शहरात, पट्टीने आखल्यासारखे सरळ रस्ते आहेत आणि इथे गल्ल्या मनाला येईल तशा वळतात, मधेच पायऱ्या होतात, मधेच कुणाच्या तरी दारात संपतात. टॅक्सीवाल्याने आम्हाला जिथवर गाडी जाते तिथवर आणून सोडलं होतं. पुढे साठेक पायऱ्या. त्या मी मोजल्या नव्हत्या, आईने मोजल्या.

पहिल्या मजल्याच्या खिडकीत एक म्हातारी बाई दोरीवर चादर सरकवत होती. तिने आमच्याकडे पाहिलं आणि काहीतरी विचारलं. आई उठून उभी राहिली, हाताने कुलूप उघडल्याची खूण केली आणि मोठ्याने म्हणाली, "की! की!" परक्या देशात इंग्रजी मोठ्याने बोललं की समजतं अशी तिची समजूत आहे.

"शाव?" वरून प्रश्न आला.

मी ते आधी ऐकलं आणि सोडून दिलं. मग डोक्यात काहीतरी हललं. "शाव" म्हणजे चावी! पोर्तुगीज 'शाव'चं chave हे स्पेलिंग डोळ्यांपुढे आलं आणि मी खालून ओरडले, "चावी! चावी!" बाई हसली, आत गेली, आणि दोन मिनिटांनी घरातल्याच सपाता घालून खाली आली. हातात दोन किल्ल्यांचा जुडगा. साफसफाईला येणारी बाई एक जोडी तिच्याकडे ठेवून जायची, कारण ती डबी महिन्यातून एकदा तरी अडकतेच. डबी बसवणाऱ्यांना या व्यवस्थेची गंधवार्ता नसावी.

'चावी' पोर्तुगीज आहे हे मला ठाऊक होतं. बटाटा, पाव, पगार, बादली, घमेलं, लिलाव, अननस, काजू ही शाळेत पाठ केलेली यादी कुणाला ठाऊक नसते? (साबणावर पोर्तुगीजइतकाच अरबीचाही दावा आहे, ते भांडण मिटलेलं नाही.) पण पाठ असणं वेगळं आणि दारात उभं असताना त्या शब्दाने दार उघडणं वेगळं. शिवाय एक गोष्ट मला नंतर लक्षात आली. सोळाव्या शतकात पोर्तुगीज लोक तो शब्द 'च'नेच म्हणायचे. पुढे लिस्बनच्या तोंडात त्या 'च'चा 'श' झाला. जहाजातून आमच्या किनाऱ्यावर उतरलेला 'च' मात्र आम्ही तसाच वापरत राहिलो. म्हणजे त्या दुपारी मी त्या आजींना त्यांच्याच खापरपणजीच्या उच्चारात हाक मारली होती.

आई सांगलीची. ती जन्मभर 'किल्ली' म्हणत आली. लग्न होऊन गिरगावात आली तेव्हा चाळीत सगळे 'चावी' म्हणायचे आणि ती मात्र 'किल्ली'वर अडून बसली. कोकणातल्या सासरी तिने मासे खायला शिकून घेतलं, चावी घेतली नाही. अल्फामातल्या जिन्यात तिसऱ्या मजल्यापर्यंत कठडा धरून चढताना दम लागलेला असतानाही ती म्हणाली, "किल्ली नीट ठेव, चावी-चावी करत हरवशील."

इथल्या पत्त्यात मजल्यापुढे डावं की उजवं ते लिहितात. आमचं घर म्हणजे 'तिसरा, एश्केर्दु', जिना चढून आल्यावर डाव्या हाताला. दारावर नाव नव्हतं. त्या जागी 'ए एल' अशा दोन अक्षरांची छोटी पाटी होती. आलोजामेंतु लोकाल, म्हणजे पाहुण्यांना भाड्याने देण्यासाठी नोंदवलेलं घर. ही पाटी कायद्यानेच लावावी लागते. जिन्यात एकूण आठ दारं होती. पाटी नसलेली तीन.

घर नेटकं होतं. पांढऱ्या भिंती, ट्रामचं चित्र, दोन उशा जास्त, चमचे मोजून चार. कुठल्याही शहरात असू शकलं असतं असं. फक्त दाराच्या बाहेरच्या बाजूला, मुठीच्या जरा वर, एक वाकडा पितळी आकडा होता. त्याला काहीच अडकवलेलं नव्हतं आणि रंगाऱ्याने त्याच्या भोवतीने रंग मारला होता. मला वाटलं छत्रीसाठी असेल. दोन दिवसांनी खालच्या आजींनी सांगितलं: पांव. पहाटे पाववाला यायचा, आकड्याला अडकवलेल्या कापडी पिशवीत पाव टाकून जायचा. कुणाला उठवायचा नाही. आजींच्या स्वतःच्या दारालाही तसाच आकडा आहे, त्यावर आता त्या छत्री अडकवतात. गोव्यात सायकलचा भोंगा वाजवत येणाऱ्या पोदेराचं नाव याच पाववाल्याच्या नावावरून पडलेलं. तो अजून येतो. इथला यायचा बंद झाला.

आजी आणि आई यांची भाषा अशी तयार झाली. आई एक शब्द टाकायची आणि आजी तो उचलायच्या. बटाटा आहे तसा उचलला गेला. पावाला नाकातून थोडी दुरुस्ती मिळाली. 'बादली'ला वेळ लागला, मग आईने जिन्यातली बादली दाखवली आणि आजी "बाल्द!" म्हणून टाळी वाजवून हसल्या. उरलेलं फोनवरच्या भाषांतराने चालायचं आणि त्यातून कधी कधी भलतंच निघायचं. एकदा आईच्या गुडघ्यांबद्दल मी टाकलेलं वाक्य ऐकून आजींनी छातीवर क्रूस काढला. काय ऐकलं असेल देव जाणे. मला त्या 'मनीना' म्हणायच्या, म्हणजे मुलगी. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मला कुणी तरी मुलगी म्हणत होतं, मी काही हरकत घेतली नाही.

तिसऱ्या संध्याकाळी आईने बटाट्याची भाजी केली. हळद आणि मोहरी घरून आणली होती, कोथिंबीर इथे मिळाली, आणि तीही ताजी, जुडीने. कोथिंबीर पाहून नाक मुरडणारे युरोपात पुष्कळ आहेत, पण पोर्तुगीज लोक ती सढळ हाताने घालतात. आलेंतेजु प्रांतात लसूण, कोथिंबीर आणि शिळा पाव यांचं आसोर्दा नावाचं सार करतात. तेवढ्यावर आईने या देशाला पास करून टाकलं. एक वाटी खाली गेली. दुसऱ्या दिवशी वाटी परत आली, घासूनपुसून, रिकामी. आई काही बोलली नाही, पण वाटी हातात घेऊन क्षणभर तिच्यात पाहिलं.

शहर आम्ही पाहिलं, थोडंच. कार्मोचं चर्च पाहिलं, भूकंपात छप्पर कोसळलं ते तसंच ठेवलंय, कमानी उभ्या आहेत आणि वर आभाळ. आईने विचारलं, पावसाचं काय करतात? फाडो, म्हणजे इथलं खास गाणं, तोही ऐकला. त्याबद्दल सगळेच लिहितात, मी लिहीत नाही. अठ्ठावीस नंबरच्या ट्रामची रांग पाहून आम्ही ट्रामला लांबून नमस्कार केला. बेलेंच्या जेरोनिमोश मठात वास्को द गामाची समाधी आहे. दगडात हात जोडून पडलेला. तो मेला कोचीला, १५२४ साली, आणि आधी पुरलाही तिथेच, मग १५३९ मध्ये अस्थी पोर्तुगालला आणल्या. आई बराच वेळ त्याच्याकडे बघत उभी होती. "एवढासाच?" म्हणाली. समाधीबद्दल की माणसाबद्दल, मी विचारलं नाही.

तिथून चार पावलांवर नदीकाठी ते शोधप्रवासांचं प्रचंड स्मारक, बावन्न मीटर उंच, जहाजाच्या नाळेसारखं पुढे झुकलेलं. १९४० च्या प्रदर्शनासाठी आधी तात्पुरतं उभारलं होतं, १९६० मध्ये दगड आणि काँक्रीटमध्ये पक्कं बांधलं. मी हिशोब केला. पक्कं बांधल्यानंतरच्याच वर्षी, १९ डिसेंबर १९६१ ला, गोवा सुटला.

पाचव्या दिवशी आम्ही समुद्र बघायला कश्काइशला निघालो. काइश दु सोद्रेहून लोकल सुटते आणि नदीच्या काठाकाठाने जाते, डाव्या हाताच्या खिडकीत बसलं की सतत पाणी. चर्चगेटच्या गाडीला मरीन ड्राइव्हच्या बाहेरून नेल्यासारखं. आई खुशीत होती. बेलें गेलं, आल्जेश गेलं, क्रूश केब्राडा गेलं. पुढचं स्टेशन आलं तेव्हा मी पाटी वाचली आणि उगाच मोठ्याने उच्चारली. "काशियश."

"काय म्हणालीस?"

मी पुन्हा वाचलं.

"उतर," आई म्हणाली आणि पिशवी उचलून चालू लागली. आम्ही जेमतेम उतरलो आणि दारं मिटली.

काशियशला मोहन रानडे होते. हे नाव आता किती जणांना आठवत असेल कोण जाणे. मूळचे मनोहर आपटे, सांगलीचे. गोव्यात जाऊन मराठीचे मास्तर झाले, गोवामुक्तीसाठी लढणाऱ्या आझाद गोमंतक दलात गेले, ऑक्टोबर १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस ठाण्यावरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले. सव्वीस वर्षांची शिक्षा. पुढे त्यांना पोर्तुगालला आणून या गावच्या किल्ल्यात ठेवलं. गोवा मुक्त झाला, पण ते सुटले नाहीत. त्यानंतर सात वर्षांहून जास्त काळ ते इथेच होते. बाहेर त्यांच्या सुटकेसाठी जी खटपट चालली होती तीत सुधीर फडके पुढे होते. जानेवारी १९६९ मध्ये रानडे सुटले.

आई तेव्हा अठरा वर्षांची. "अण्णा पेपर मोठ्याने वाचायचे," ती बाकावर बसल्या बसल्या म्हणाली. अण्णा म्हणजे माझे आजोबा. "आपल्या सांगलीचा मुलगा म्हणायचे. कॅक्सियास म्हणायचे ते. कॅक्सियास, कॅक्सियास. मला वाटायचं कुठेतरी बेटावर असेल. काळ्या पाण्यासारखं."

समोर समुद्रकाठी एक छोटा देखणा किल्ला दिसत होता, साओ ब्रुनो. पण तो नव्हे. कैद्यांचा किल्ला मागे चढावर आहे आणि अजूनही तिथे तुरुंगच आहे. पोर्तुगालची हुकूमशाही कोसळली तेव्हा, एप्रिल १९७४ मध्ये, तिथले राजकीय कैदी बाहेर आले, त्यांत बहुतेक सगळे पोर्तुगीज होते, आपल्याच सरकारने डांबलेले. खाली पुळणीवर पोरं चेंडू खेळत होती. फलाटावर एक मुलगा ओल्या टॉवेलने मान पुसत उभा होता. आईने वर टेकडीकडे पाहिलं, तिथे झाडं आणि घरांची छपरं होती, दुसरं काही दिसत नव्हतं.

मला एकदम ती शाळेतली यादी आठवली. तिच्यात 'तुरुंग'ही आहे. 'त्रोंकु'चा तुरुंग. त्रोंकु म्हणजे झाडाचं खोड. कैद्याचे पाय ज्यात अडकवायचे त्या लाकडाला ते त्रोंकु म्हणायचे, मग त्या जागेलाच म्हणू लागले. आपल्याकडेही खोडावरून खोडा झाला होता, त्याच कामाचा. म्हणजे घरात वस्तू होती, शब्दही होता, तरी आपण त्यांचा घेतला. पावाबटाट्याबरोबर तोही आला असणार, एकाच जहाजातून. मी हे आईला सांगितलं.

ती म्हणाली, "मास्तर माणूस होता. त्यालाही माहीत असेल हे." मग जरा थांबून, "तेरा वर्षं म्हणजे तुझी दहावी होईल इतकी."

पुढची गाडी आली. कश्काइशला आम्ही आइस्क्रीम खाल्लं.

त्या रात्री जिन्यात आजी भेटल्या. कुठे जाऊन आलात? काशियश, मी म्हणाले. त्यांच्या भुवया वर गेल्या. प्रवाशांनी जाण्याचं ते ठिकाण नाही. मग त्यांनी बोट वर करून, तिसऱ्या मजल्याकडे, म्हणजे आमच्या घराकडे दाखवलं आणि फोनवर बोलू लागल्या. त्या घरात पूर्वी राहणाऱ्या कुटुंबातला एक जण काशियशला होता. किती वर्षं, कशासाठी, ते फोनने नीट सांगितलं नाही किंवा त्यांनीच सांगितलं नाही. मग ते कुटुंब कुठे गेलं? आजींनी हात नदीपलीकडे झटकला. पलीकडे, लांब.

भाड्याची गोष्ट मी थोडी वाचून होते, थोडी त्यांच्याकडून कळली. लिस्बन आणि पोर्तु या दोन शहरांतली घरभाडी १९४८ साली कायद्याने गोठवली होती. आमच्या मुंबईचा भाडेनियंत्रण कायदा १९४७ चा. परिणाम अगदी सख्ख्या भावांसारखे: भाडं नाममात्र, मालकाला दुरुस्तीत रस नाही, जिने खिळखिळे, आणि त्या खिळखिळ्या जिन्यांवर पिढ्यान्‌पिढ्या तीच माणसं. गिरगावातल्या आमच्या चाळीचं हे वर्णन मला जसंच्या तसं वापरता आलं असतं. इथे २०१२ मध्ये नवा कायदा आला आणि जुने करार सैल झाले. त्याच सुमाराला जगभरचे प्रवासी लिस्बनला येऊ लागले. म्हाताऱ्या भाडेकरूंना थोडं संरक्षण राहिलं, म्हणून आजी राहिल्या. आमच्या चाळीत बिल्डर आला, इथे आम्ही आलो. आमच्याकडून शहर माणशी, रात्रीमागे चार युरो कर घेतं. तो मी भरला होता, आणि भरल्याचं थोडं समाधानही वाटलं होतं, ते त्या जिन्यात गेलं.

मी खेद व्यक्त करायला फोन उचलला, तर आजींनी तो खाली केला. त्यांची तक्रार वेगळीच होती. बोटांनी चाकं दाखवून त्यांनी आवाज काढला: ट्रर्रर्र-टक, ट्रर्रर्र-टक, ट्रर्रर्र-टक. पहाटे चार वाजता विमान गाठायला निघालेल्यांच्या बॅगा, चौकोनी दगडांच्या गल्लीतून आणि पायऱ्यांवरून. आवाज इतका हुबेहूब होता की आई पोट धरून हसली. आजीही हसल्या. मी जरा कमी हसले, आमचं परतीचं विमान सकाळी सातचं होतं.

बारा जूनची रात्र म्हणजे संत अंतोनियुची. तो इथलाच, अल्फामाच्या शेजारी जन्मलेला. त्या रात्री सबंध वस्ती गल्लीत उतरते, दारोदारी शेगड्या पेटतात आणि त्यावर तारल्या भाजतात. पावाच्या जाड कापावर भाजलेली तारली ठेवतात, तिचं तेल पावात मुरतं, आधी मासा खायचा आणि मग तो पाव. आईने चार खाल्ल्या. सांगलीच्या माहेराने हे पाहिलं असतं तर! आजींनी खिडकीखाली स्वतःची शेगडी मांडली होती आणि पाटी नसलेल्या तिन्ही दारांतली माणसं तिथे होती. आम्हालाही खुर्ची मिळाली. मध्यरात्री आजींनी आईच्या हातात एक छोटी कुंडी दिली, गोल कातरलेलं बारीक पानांचं रोप, त्यात कागदी फूल आणि चार ओळींच्या कवितेची चिठ्ठी. मंजेरिकु. आईने नाक जवळ नेलं तसा आजींनी तिचा हात धरून थांबवलं. त्याचा वास नाकाने घ्यायचा नसतो, रोप कोमेजतं म्हणतात. तळहात पानांवरून फिरवायचा आणि हाताचा वास घ्यायचा. आईने तळहात हुंगला, माझ्याकडे पाहिलं. "सब्जा," म्हणाली. "तुळशीच्या घरातलं." आणि मग अगदी हळू, फक्त मला ऐकू येईल असं: "वाटी परत आली बरं का."

कुंडी विमानात नेता येणार नव्हती. ती तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत ठेवायची ठरली, पण पाणी कोण घालणार? म्हणून पुन्हा खाली, आजींकडेच गेली.

चौदा तारखेला पहाटे पावणेचारला आम्ही निघालो. सूचना स्पष्ट होती: किल्ली डबीत ठेवा, आकडे विस्कटून टाका. आईला ते पटलं नाही. घर रिकामं केलं की किल्ली माणसाच्या हातात द्यायची. पण इतक्या पहाटे कुणाला उठवायचं? आम्ही बॅगा अक्षरशः उचलून नेल्या, एकेक पायरी, चाकं दगडाला लागू न देता. आई कठड्याला धरून पुढे, मी मागे दोन्ही हातांत ओझं घेऊन, घामाने निथळत. पहिल्या मजल्यावर पोचलो तर दार किलकिलं होतं आणि आजी सपाता घालून उभ्या.

"शाव," त्यांनी हात पुढे केला.

"चावी," आई म्हणाली आणि जुडगा त्यांच्या तळहातावर ठेवला.

आम्ही खाली गल्लीत उतरलो. वळणावर मी बॅग खाली टेकवून श्वास घेत होते तेव्हा मागे वळून पाहिलं. दिव्याच्या पिवळ्या उजेडात आजी दाराबाहेर आल्या होत्या. डबीचे आकडे त्या डोळ्यांजवळ नेऊन जुळवत होत्या. झाकण उघडलं, किल्ली आत गेली. मग त्यांनी डबीला वरून एक थापट मारली, खटका बसला, आणि त्या आत गेल्या.